घालून घालून बसेल

जाकीट घ्यायला गेलो होतो, दुसरं काही नाही. शनिवारची दुपार होती, थंडी पडायला लागली होती आणि माझ्या नवऱ्याकडे चारचौघांत घालण्यासारखं एकही गरम कापड नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्येच बोलायची थांबले तर थांबू द्या, घाई करू नका. आणि तेवढा दिवा जरा दाराच्या बाजूला सरकवा.

माझा नवरा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. कानाची मशीन विकणाऱ्या दुकानात त्याची नोकरी. दिवसभर म्हाताऱ्या माणसांच्या कानांत वाकून बघायचं, त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचं, आणि घरी आल्यावर त्याहून हळू. त्याच्या कपाटात दोनच रंग होते. एक करडा, आणि दुसरा धुऊन धुऊन करडा झालेला. माझी काही तक्रार नव्हती. असा माणूस घरात असला की घर शांत असतं, आणि मला शांत घर आवडायचं.

त्या वर्षी कंपनीच्या मोठ्या मेळाव्यात त्याला बोलायला उभं करायचं ठरलं. त्याच्याकडे आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, हे कसं जमतं ते त्यानं सगळ्यांना सांगायचं होतं. साहेबांनी ही बातमी दिली आणि वर म्हणाले, "फक्त येताना जरा माणसांत आल्यासारखे या." हे त्यानं मला जेवताना हसत हसत सांगितलं. पण पुढचा घास बराच वेळ चावत राहिला.

"लेदरचं जाकीट घेऊ या," मी म्हटलं.

"मला? आपल्याकडे मोटरसायकलपण नाही."

"मोटरसायकल लागत नाही त्याला. ताईला नेऊ बरोबर, ती निवडेल."

पुरुषांच्या कपड्यांतलं कळावं ते माझ्या थोरल्या बहिणीला. तिच्या हातचा नमुना म्हणजे आमचे भावोजी. घरी चार माणसं जमली की सगळ्यांच्या नजरा आधी त्यांच्याकडे जायच्या. काळं लेदरचं जाकीट, आत राखाडी टी-शर्ट, तोंडात लवंग. बोलायला गोड. ताईला सगळ्यांदेखत 'मॅडम' म्हणायचे, आणि आम्ही बायका एकमेकींकडे बघून म्हणायचो, नशीब काढलं हिनं.

ते गेले तेही जाकीट अंगात असतानाच. सिग्नलला मोटरसायकल उभी, मागचे हॉर्न मारतायत, आणि हे पाय टेकून ताठ बसलेले. कुणीतरी येऊन खांद्याला हलवलं तेव्हा कळलं. दवाखान्यात घाईघाईत जाकीट कात्रीनं कापून काढलं आणि तुकडे एका पिशवीत घालून ताईच्या हातात दिले. या गोष्टीला वर्ष होऊन गेलं होतं. ताई मात्र वाळतच चालली होती. डोळ्यांखाली काळं, झोप नाही, अन्नावर वासना नाही. आई म्हणायची, प्रेमच तसं होतं दोघांचं. मलाही वाटलं, आमच्याबरोबर आली तर तेवढाच तिला विरंगुळा.

फोनवर मी जाकिटाचं काढलं. ती म्हणाली, "काळं घ्यायचं ना?"

"बघू. त्याला काय शोभतं ते."

"काळंच शोभेल," ताई म्हणाली. "मी येते."

दुकान अरुंद आणि खोल होतं. पुढे काचेचं दार, अगदी मागे एकच उंच आरसा, आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत टांगलेली जाकिटं. आत शिरलं की रस्त्याचा आवाज दाराबाहेरच राहायचा. चामडं आवाज पितं. उरायचा तो नुसता वास, नव्या चामड्याचा, पॉलिशचा, आणि त्याच्या तळाशी बरेच दिवस न उघडलेल्या पेटीचा. दुकानदार म्हातारा होता, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यानं माझ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि एक तपकिरी, मऊ चामड्याचं, कमरेला विणलेली पट्टी असलेलं जाकीट काढून दिलं.

नवऱ्यानं ते घातलं. मला फार आवडलं. तो तोच दिसत होता, फक्त छान झोप झाल्यासारखा.

"हेच घेऊ," मी म्हटलं.

ताईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मागच्या रांगेपाशी गेली होती. टांगलेल्या बाह्यांवरून एकेक करत हात फिरवत चालली होती, डोळे मिटून, लाइट गेल्यावर आपल्याच घरात भिंत चाचपावी तशी. एका जाकिटापाशी तिचा हात थांबला. पोळल्यासारखा तिनं तो मागे घेतला, आणि मग तेच जाकीट काढलं. काळं. जाड चामड्याचं. उभी कॉलर, सरळ चेन, दोन तिरके खिसे.

"हे घाला," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याच्या अंगावर ते लोंबत होतं. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती आणि बाह्या पार बोटांपर्यंत.

"साहेब, याच्याहून लहान माप आहे माझ्याकडे," दुकानदार म्हणाला. "बाही आखूड करता येते. खांदा नंतर करता येत नाही."

"हेच माप," ताई म्हणाली.

"ताई, मोठं होतंय गं त्याला."

"घालून घालून बसेल."

दुकानदार हसला. "बाई, चामडं सैल होतं घालून घालून. आकसत नाही."

"मग माणूस भरेल," ताई म्हणाली.

आम्ही हसलो. तीच एकटी हसली नाही. तिनं नवऱ्याला आरशासमोर उभं केलं, स्वतः मागे उभी राहिली आणि कॉलर नीट करायला लागली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा.

"चेन कधी गळ्यापर्यंत लावायची नाही. इथपर्यंत. आत गोल गळ्याचा टी-शर्ट, राखाडी, आणि तो खालून बाहेर दिसता कामा नये. पँट गडद निळी. बूट काळे, पट्टा काळा. बाही किंचित मागे घ्यायची... अशी. मनगट दिसलं पाहिजे. हात मोकळे सोडायचे नाहीत. डावा खिशात. उजवा चेनवर."

"उजवा चेनवर कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"असू दे."

त्यानं अंगठा चेनच्या टोकाला लावून पाहिला. वर, खाली. चर्र आवाज झाला. ताई दचकली. मला वाटलं, बिचारीला आठवण येतेय. पण आरशात मी तिची नजर बघत होते. ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. गळ्याच्या खाली, रिकाम्या खांद्यांकडे बघत होती, आणि त्या खांद्यांनाच विचारावं तसं अगदी हळू म्हणाली, "आता झालं ना?"

"छान आहे, ताई," माझा नवरा म्हणाला. त्याला वाटलं, त्यालाच विचारलं.

पहिले काही दिवस तो ते घरातल्या घरात घालून फिरायचा. साहेबांसमोर फजिती नको म्हणून सवय करत होता. मी चेष्टा करायची, की जाकीट पुढे चाललंय आणि तू मागून येतोयस. तो लाजायचा. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की चेष्टा करण्यासारखं काही उरलेलं नाही. शिवण हाडावर आली होती. तो जाड झाला नव्हता. जाकीट काढलं की तोच, तेवढाच, सुकड्या खांद्यांचा. घातलं की भरलेला.

नव्या चामड्याचा वास हळूहळू उडतो म्हणतात. याचा बदलला. खुंटीपाशी गेलं की लवंगेचा वास यायचा. माझा नवरा लवंग तोंडात धरत नाही. त्याला त्या वासानं मळमळतं.

मेळाव्याला मीही गेले होते. मोठा हॉल, पुढे साहेब मंडळी. तो व्यासपीठावर चढला. मला माहीत होतं, हा कागदात तोंड घालून पुटपुटणार. त्यानं कागद बाजूला ठेवला. डावा हात खिशात घातला. उजव्या अंगठ्यानं चेन वर केली, खाली केली. चर्र. सगळा हॉल गप्प झाला.

मग तो बोलला. काय बोलला म्हणून सांगू... लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. मध्येच त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"आमच्या मॅडम बसल्यात तिथे. विचारा त्यांना, मी कधी आवाज चढवतो का. नाही म्हणतील. हो म्हणायची त्यांना भीती वाटते."

हॉल हसून हसून लोटपोट. माझ्या शेजारची बाई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "मजेशीर आहेत हो तुमचे." मी हसले नाही. तो विनोद मी आधी ऐकला होता. प्रत्येक जेवणाच्या वेळी, आमच्याच टेबलावर, शब्द न् शब्द तसाच. भावोजी सांगायचे, आणि ताई मान खाली घालून सगळ्यांना वाढत असायची.

परत येताना तो टॅक्सीत माझ्या शेजारी बसला होता. जाकीट काढून मांडीवर घेतलं होतं. बराच वेळ खिडकीतून बघत होता.

"मी काय बोललो गं?" त्यानं विचारलं.

"आठवत नाही?"

"उभा राहिलो तिथपर्यंत आठवतं. मग टाळ्या आठवतात." मग म्हणाला, "बरं बोललो ना?"

"हा विनोद कुणाचा होता?"

"कुठला विनोद?"

मी पुढे काही विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, आणि त्याच्या आयुष्यात कधी कुणी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

त्यानंतर साहेब आणि त्यांच्या बाई आमच्याकडे जेवायला आले. हा मान आम्हाला कधी मिळाला नव्हता. थंडी फार नव्हती, तरी यानं जाकीट चढवलं. मी ओट्यापाशी ताटल्या पुसत होते. बाहेरच्या खोलीत हसणं चाललं होतं. मागून चामड्याचा आवाज आला, करकर, सावकाश. आणि माझ्या मानेवर हात पडला.

दाबला नाही. नुसता ठेवला. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, मांजराच्या पिल्लाला उचलण्याआधी धरतात तसा. कानाशी लवंगेचा श्वास आला.

"मॅडम... मीठ कमी आहे."

एवढंच. मग बोटं एकदाच आवळली आणि सुटली. मी वळले तोपर्यंत तो दारातून बाहेर जात होता, पाहुण्यांशी हसत. बोटांचे ठसे कॉलरच्या आत बसले होते. बाहेरून कुणाला दिसले नसते. लग्न झाल्यापासून या माणसानं मला चुकूनसुद्धा धक्का दिला नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी त्याला मान दाखवली. तो पांढराफटक पडला. म्हणाला, "हे मी... कधी?" आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी म्हटलं, ते जाकीट देऊन टाकू. तेव्हा मात्र रडणं थांबलं.

"नको," तो म्हणाला. "आजवर माझं कुणी ऐकलंय? मी दिवसभर दुसऱ्यांना ऐकू यावं म्हणून राबतो. माझं कुणाला ऐकू येतं? ते घातलं की लोक गप्प बसतात गं. वाट बघतात, मी काय बोलतो त्याची." मग हळूच, "मी काळजी घेईन. घरात घालणार नाही."

खुंटीवर जाकीट टांगलेलं होतं. रिकामं जाकीट खांद्यातून पडतं, तुम्हीही पाहिलं असेल. ते पडलं नव्हतं. मी आत हात घालून पाहिला. अस्तर ऊबदार होतं, नुकतंच कुणीतरी काढून ठेवल्यासारखं. त्यानं ते काढून बराच वेळ झाला होता.

रविवारी दुपारी तो झोपला असताना मी जाकीट एका मोठ्या पिशवीत कोंबलं आणि ताईकडे गेले. पिशवी जड लागत होती. चामडं एवढं जड नसतं.

ताईनं दार उघडलं आणि मी क्षणभर तिला ओळखलंच नाही. गाल भरले होते. केस कापून घेतले होते. खिडक्या सताड उघड्या, घरभर ऊन. आणि अंगात बिनबाह्यांचा ड्रेस. माझी बहीण उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्या घालायची. आम्हाला ती फॅशन वाटायची.

तिची नजर पिशवीवर गेली.

"ती बाहेर ठेव," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या आत आणू नकोस."

मी पिशवी जिन्यात ठेवली. आत आले. तिच्या दोन्ही दंडांवर डाग होते. फिके, पिवळट. चार ओळीनं आणि एक मागच्या बाजूला. मी कॉलर खाली करून तिला माझी मान दाखवली. ती जवळ आली, बघितलं, आणि मान हलवली. आश्चर्य वाटलेलं नव्हतं तिला.

"ताई... ते जाऊन वर्ष होऊन गेलं. तुझे हे डाग तर..."

"आता जातायत," ती म्हणाली. "महिन्याभरात दिसणारसुद्धा नाहीत. बस. चहा टाकते."

चहा होईपर्यंत ती बोलत होती, माझ्याकडे पाठ करून.

"मला वाटलं होतं सुटले. तेराव्याच्या... नाही, त्याच्याही आधी. आम्ही दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी. कामावरून सुटायची वेळ झाली आणि कपाटातले हँगर सरकायला लागले. एकेक. सावकाश. मग आवाज. माझं जाकीट कुठंय, मॅडम... मी सांगितलं, कापलं हो, दवाखान्यात कापलं. ऐकेनात. जिवंतपणी कधी ऐकलं होतं म्हणून आता ऐकतील? रोज तेच. उत्तर आवडलं नाही की हात धरायचे. हात दिसत नाही गं. नुसता लागतो."

"कुणाला बोलली नाहीस?"

"आईला बोलले. आई म्हणाली, मेलेला नवरा भेटायला येतो, भाग्यवान आहेस." ताईनं साखर घातली, ढवळली. "दुसरं जाकीट आणून कपाटात टांगून पाहिलं. नुसतं नको होतं त्यांना. घातलेलं पाहिजे होतं."

"म्हणून तू त्या दुकानात..."

"खांदा किती, बाही कुठे संपते, तळवा कुठे येतो, मला टेप लागत नाही, धाकटे. माझ्या अंगावर आहेत ती मापं."

मी विचारलं, "मग माझ्याच गळ्यात का मारलंस?"

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. खूप दिवसांनी झोप मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"तुझा नवरा गरीब आहे. त्याच्यात जागा होती," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघं आहात. मी एकटी होते. दोघांना वाटून घेता येतं."

"परत घे, ताई. पाया पडते तुझ्या."

"मी नाही घेणार." कप माझ्या पुढ्यात ठेवून ती समोर बसली. "नको असेल तर पुढे दे. पण नीट निवडून दे, कुणाच्याही अंगावर थांबत नाही ते. शांत माणूस बघ. हळू बोलणारा. ज्याचं घरी कुणी ऐकत नाही असा. पुष्कळ असतात." मग कप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "चहा घे. गार होतोय."

मी चहा घेतला नाही. पिशवी उचलून बसस्टॉपवर आले. ऊन उतरत होतं. बाकावर एक माणूस एकटाच बसला होता, पातळ शर्ट, खांदे पडलेले, दोन्ही हात काखेत घालून गारठ्यात कुडकुडत. एका जाणाऱ्यानं त्याच्या पायावर पाय दिला. यानंच "सॉरी" म्हटलं.

मी त्याच्या खांद्यांकडे बघत उभी राहिले. खोटं कशाला बोलू, डोळ्यांनी मी माप घेत होते. पिशवीची चेनही उघडली. आतून ऊब आली, माझ्या मनगटापर्यंत. नुसतं म्हणायचं होतं, दादा, हे आमच्याकडे पडून आहे, घेता का. त्यानं घेतलं असतं. दुवा दिला असता. त्याच्या घरी कोण असेल, बायको असेल, तिच्या मानेचा विचार माझ्या मनात आला, आणि तरीही माझा हात पिशवीतच होता.

तेवढ्यात त्यानं वर पाहिलं आणि अंग चोरून बाजूला सरकला. "बसा ना," तो हळू आवाजात म्हणाला. "जागा आहे इथे."

मी पिशवी बंद केली आणि बसची वाट न बघता चालत सुटले. वाटेत ठरवलं, घरी जाऊन कात्रीनं कापायचं नाही, जाळायचं नाही, दोघांनी मिळून आत कुठेतरी बंद करून ठेवायचं. येऊ देत भावोजी रोज संध्याकाळी. हँगर सरकवू देत. ताई म्हणाली तसं, दोघं आहोत. वाटून घेऊ.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. दिवे लावलेले नव्हते. नवरा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. अंगात त्याचा जुना, विटका स्वेटर. तो बघून मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "ऐक, मी सगळं शोधून काढलंय. ताईकडे गेले होते."

तो उठला. स्वेटर खांद्यांवर ताणलेला होता. शिवणी उसवायला आल्या होत्या. डावा हात पँटच्या खिशात होता. उजव्या अंगठ्यानं तो स्वेटरच्या मधोमध, जिथे चेन नव्हती तिथे, वर खाली करत होता.

"इतका उशीर, मॅडम?"

मी पिशवी पुढे धरली. दुसरं काय करणार... "हे घ्या," मी म्हटलं. माझ्या तोंडून 'घ्या' आलं. "तुमचं आहे ना. घ्या आणि त्याला सोडा."

त्यानं पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही.

"राहू दे ते," तो गोड आवाजात म्हणाला. "आता लागत नाही."

पिशवी हातात हलकी झाली होती. अगदी हलकी, नुसत्या चामड्याएवढी.

तेव्हापासून तेच आहे. कंपनीत त्याला वर चढवलं, आता पाच शाखा त्याच्या हाताखाली. लोक म्हणतात, नशीब काढलं हिनं. मी बाह्या मनगटापर्यंत घालते. ताई मध्ये एकदा येऊन गेली. तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली, "बसा ताई, प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" म्हणाला. जुन्या आवाजात, हळू, मान जरा कलती करून. हुबेहूब माझा नवरा. जाताना ताई दारात मला म्हणाली, "बघ. उगाच घाबरत होतीस." तिला सगळं माहीत होतं, आणि तरी ती म्हणाली. आईला मी काही सांगितलं नाही. आई काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.

कधी कधी पहाटे तो झोपेत कण्हतो, तेव्हा त्या कण्हण्यात मला माझा माणूस ऐकू येतो. मी कानाशी जाऊन हाक मारते. ओ येत नाही.

तुम्हाला असल्यातलं कळतं म्हणतात, पण मी तुमच्याकडे आले ती यासाठी नाही. हे सगळं मी सोसलं असतं. सोसतच होते.

गेल्या आठवड्यात मी माझं कपाट आवरत होते. अगदी मागे, हिवाळ्यातल्या कपड्यांच्या पलीकडे, एक जाकीट टांगलेलं होतं. बायकांचं. गडद लाल, मऊ चामड्याचं, लहान कॉलरचं. बाहीला दुकानाचं लेबल अजून तसंच, दोरासुद्धा तोडलेला नाही. मला वाटलं, यानंच आणलं असेल. हँगरसकट बाहेर काढून मी त्याला दाखवलं.

तो पेपर वाचत होता. त्यानं वर पाहिलं, आणि त्याचा अंगठा जागच्या जागी थांबला. खुर्ची मागे सरकवून तो उठला. भिंतीपर्यंत मागे गेला. त्या माणसाच्या डोळ्यांत मी भीती कधी पाहिली नव्हती. भावोजी जिवंत होते तेव्हाही नाही.

"हे कुठून आणलंस?" त्यानं विचारलं. मॅडम म्हणाला नाही.

"मी नाही आणलं."

"खोटं बोलू नकोस... ते आत ठेव. आत ठेव आधी."

त्या दिवसापासून तो माझ्याशी अदबीनं वागतो. मी खोलीत आले की बाजूला होतो. मानेला हात लावत नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

काल ते जाकीट मी उजेडात नेऊन नीट पाहिलं. माप माझंच आहे. चामडं नवं कोरं आहे, कुठे ओरखडा नाही, घामाचा वास नाही. फक्त दोन्ही कोपरांपाशी खोल वळ्या पडल्यात, महिनोन् महिने वापरल्यावर पडतात तशा. मी माझा हात बाहीशेजारी धरून दुमडून पाहिला. माझं कोपर जिथे दुमडतं, बरोबर तिथेच.

मला आठवतं तेवढं तरी, मी ते एकदाही घातलेलं नाही.